भिंतीतलं खरवडणं

माझी थोरली बहीण कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. त्यात प्लास्टर ओतून ती जबड्याचा साचा काढते, साच्यावर गुलाबी मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते आणि मग मेणाच्या जागी पक्की कवळी तयार होते. लग्नाआधीपासून ती हेच करते आहे. मी तिच्या हाताखाली घासकाम आणि पॉलिश करते. धंदा कसा काय, असं कुणी विचारलं की ताई म्हणते, "लोकांचे दात लोकांच्याच घशात घालतो, आणखी काय."

आमची जुनी जागा हमरस्त्यावर होती आणि खाली गॅरेज. दिवसभर ठोकाठोकी, हॉर्न, इंजिनांची घरघर. आम्ही बोलायचो ते ओरडूनच. घरी गेल्यावरही ताईचा तोच सूर लागायचा आणि भाऊजी म्हणायचे, "मी समोरच बसलोय गं, पलीकडच्या गल्लीत नाही." मालकाला जागा हवी झाली आणि आम्ही एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या कोठीत आलो. पूर्वी तिथे कागदाचे गठ्ठे ठेवत. भिंती हातभर जाड, खिडकी एकच, तीही मागच्या सुन्या आवारात उघडणारी. दार लावलं की बाहेरचं जग बंद. पहिल्या दिवशी स्पिरिटचा दिवा पेटवला तर ज्योतीची फुरफुर ऐकू आली. ताई खूश झाली. म्हणाली, "इथे हात ठरेल."

सामान हलवताना हमालांनी ऐन वेळी दगा दिला. प्लास्टरची पोती आम्ही दोघींनीच ओढली. शेवटचं पोतं ताईने दातओठ खाऊन एकटीनेच उचललं, फडताळापाशी टेकवलं आणि मटकन खाली बसली.

"काय झालं?"

"काही नाही. चक्कर आली."

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, त्यामुळे आम्ही त्याचं काही मनावर घेतलं नाही.

पण चक्कर तिथेच थांबली नाही. ती शिंकली की यायची, जड काही उचललं की यायची. एकदा कुणाच्या पोराने तिच्या कानाशी शिट्टी फुंकली तर ती भर रस्त्यात विजेच्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. म्हणायची, जमीन होडीसारखी एका अंगाला कलंडते, मग सावकाश जागेवर येते, आणि पाठोपाठ पोटात ढवळायला लागतं. उलटी झाली तर झाली, नाहीतर तो मळमळीचा गोळा संध्याकाळपर्यंत घशाशी बसून राहायचा.

घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, रक्त कमी आहे का तेही पाहिलं. काही सापडलं नाही. पित्ताच्या गोळ्या झाल्या. दिवसभर मान खाली घालून काम, म्हणून मानेचा फोटो झाला आणि गळ्यात पट्टा आला. चष्म्याचा नंबर बदलला. तिच्या सासूबाईंनी एकदा तिची ओकारी ऐकून मला हळूच विचारलं, "काही गोड बातमी तर नाही ना?" ताई तेव्हा पन्नाशीला टेकलेली. ती आतून म्हणाली, "असेल तर डॉक्टरांच्या आधी पेपरवाल्यांना बोलवा." सासूबाई तोंडावर हात धरून हसल्या. तेव्हा घरात अजून हसणं होतं.

माझा संशय आमच्या कामातल्या पातळ औषधावर होता. कवळीची पावडर ज्यात कालवतात ते. त्याला असा उग्र वास असतो की नवख्या माणसाचं डोकं भणभणतं. पूर्वी गॅरेजच्या माडीवर चारी बाजूंनी वारा यायचा, इथे कोठीत वास कोंडत असणार. आम्ही भिंतीत पंखा बसवला. ताईला मी त्या औषधाला हात लावू देईना, कालवायचं काम माझ्याकडे घेतलं. वास गेला, चक्कर राहिली.

मग कानाच्या डॉक्टरीणबाई झाल्या. शांत बाई, हातातली कामं बाजूला सारून ऐकणाऱ्या. कानात बारीक खडे असतात, ते जागचे हलले की अशी गरगर होते, असं त्यांनी सांगितलं. ताईला टेबलावर आडवं करून तिचं डोकं ठरावीक पद्धतीने वळवलं. पुष्कळांना याने एका बैठकीत आराम पडतो, म्हणाल्या. ताईला पडला नाही. त्यांनी पुन्हा बोलावलं. ताई गेली नाही.

ती का गेली नाही, ते मला पुढे कळलं. चक्करेखेरीज आणखी काहीतरी चाललं होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझ्या लक्षात आलं ते जेवणावरून. दुपारी आम्ही दोघी एकाच टेबलाशी डबा उघडत असू. ती हळूहळू मऊच खायला लागली, मग उशिरा खायला लागली, मग मी हात धुवायला गेले की चार घास गिळून डबा बंद. टोस्ट पुढे केला तर अंग चोरायची, जणू मी तिला काच खायला देत होते. आणि एके काळची ती ओरडून बोलणारी बाई, तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागायचं.

एकदा आम्ही कोठीच्या बोळातून येत होतो. ती माझ्यापुढे चालत होती. मधेच थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली.

"बारके, तू टाचा आपटत का चालतेस?"

माझ्या पायात रबरी चपला होत्या. मी तसं म्हटलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या मागे, रिकाम्या बोळाकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली.

त्या दिवसापासून मीही कोठीत कान देऊन बसायला लागले. फडताळावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, वरचे, खालचे, काही आ वासलेले. इतकी वर्षं त्यांच्यात बसून मला कधी काही वाटलं नव्हतं. आता दार लावलं की त्यांच्याकडे पाठ करवत नसे.

एका दुपारी ताई दिव्याखाली दात बसवत होती. हातातली सुरी थांबली. ती समोरच्या मेणाच्या जबड्याकडे एकटक बघत होती.

"काय गं?"

"हा चावतोय," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जसं कुणी मेण पातळ झालंय म्हणेल. "बारीक चावतोय. बघ. थांबत नाही."

मी जबड्याकडे पाहिलं. तो टेबलावर होता तसाच होता. मी तिची सुरी काढून घेतली, तिचे हात धरले. बर्फासारखे होते. मग ते सगळं बाहेर आलं. भिंत श्वास घेते, कागदावरचं अक्षर ठोका घेतल्यासारखं हलतं. कुणीतरी मागून चालतं आणि ती थांबली की थांबतं. भिंतीत धडधड ऐकू येते, मोठ्या जनावराची असावी तशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खरवडणं.

"खरवडणं म्हणजे?"

"प्लास्टरवर कोरडा काचकागद ओढल्यासारखं. भिंतीतून येतं. कुठून येतं ते बघायला जावं तर, मी ज्या कोपऱ्याकडे बघीन तिथे ते माझ्याआधी पोचलेलं असतं." ती थांबली. "घरी टीव्ही चालू असतो, माणसं असतात, तिथे कळत नाही. इथे ते मोकळं होतं."

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगून? डॉक्टरांनी मला विचारलं होतं, नसलेले आवाज ऐकू येतात का म्हणून. घरच्या डॉक्टरांनी, झोपेची गोळी लिहून देताना. मी नाही म्हटलं. एकदा हो म्हटलं की पुढचं सगळं तेच लोक ठरवणार, बारके. मग माझ्या हातात सुरी कोण देईल?"

मला तिचं पटलंही आणि पटलं नाहीही. मी सुचवलं, जागा सोडू. ती म्हणाली, महिनाभर बघू. मला वाटतं, तिला भीती होती की जागा सोडूनही ते थांबलं नाही तर मग संशय घ्यायला भिंतही उरणार नाही.

महिना कसला, आठवड्याच्या आतच ते झालं. मला सर्दी झाली होती म्हणून पॉलिशला ती बसली. पॉलिशच्या मशीनचं चाक वेग घेतं तेव्हा त्याचा सूर खालून चढत चढत वर जातो. मी पाठमोरी होते. सूर वर चढला आणि मागे काहीतरी कोसळलं. वळून बघते तर ताई स्टुलासकट आडवी. कवळी चाकातून उडून भिंतीवर आपटली होती आणि तिचे दात जमिनीभर विखुरले होते. मी बटण बंद केलं. ताई पडल्या जागी फरशीला दोन्ही हातांनी धरून होती, जणू फरशी उभी झाली आहे आणि ती तिला लोंबकळते आहे. उलटी झाली, पुन्हा झाली. मी तिचं तोंड पुसलं, तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि शेजारी बसले. पंखा बंद होता, मशीन बंद होतं. कोठी इतकी गप्प झाली की मला माझं नाक वाजलेलं ऐकू येत होतं.

"आलं," ती म्हणाली.

मी भिंतीला कान लावला. काही नाही.

"कुठे आहे?"

"खिडकीपाशी. आता फडताळाकडे. आता दारात. आता..." ती थांबली. "आता तुझ्या मागे."

मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. खरं सांगते, म्हणूनच मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे. त्या भेदरलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या खिडकीकडे जायच्या आणि ती म्हणायची, आलं. दाराकडे जायच्या आणि म्हणायची, आलं. बाहुल्या ठरल्या की ती गप्प.

"ताई, माझ्या नाकाकडे बघ. दुसरीकडे कुठे नाही. नुसती नाकाकडे."

ती बघत राहिली.

"येतंय?"

"नाही. धडधड आहे. खरवडणं थांबलं."

"आता डोळे मीट. मिटलेस? आता मिटल्या पापणीत बुबुळं इकडून तिकडे फिरव."

तिने फिरवली. पापण्यांखाली ती सरकताना मला दिसली, आणि त्याच क्षणी तिच्या तोंडातून बारीक हुंकार निघाला. तिने डोळे उघडले नाहीत. पुन्हा फिरवली, डावीकडे, उजवीकडे, सावकाश, मग भराभर.

"बारके," ती म्हणाली, "ते मीच आहे."

भिंतीत कुणी नव्हतं, हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. भिंतीतल्या गोष्टीला निदान दार बाहेरून लावता येतं. आम्ही दोघी त्या सांडलेल्या दातांत बराच वेळ बसून राहिलो. ती डोळे फिरवून बघत होती आणि थांबत होती, नवा दात जिभेने चाचपावा तसं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. भाऊजीही आले. ताई आधी चाचरली, मग तिने सगळं सांगितलं. चावणारा जबडा, मागून चालणारं माणूस, डोळ्यांचं खरवडणं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुठे मनाच्या डॉक्टरचं नाव निघतंय का म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही मागच्या वेळी सांगितलं नाहीत."

"तुम्ही चक्करचं विचारलंत," ताई म्हणाली.

"खरं आहे. मी तेवढ्यावरच थांबले," त्या म्हणाल्या आणि खणातून ठोकला की सूर देणारा धातूचा एक दुबेळकी काटा काढला. तो त्यांनी टेबलाच्या कडेवर ठोकला. काटा गुणगुणायला लागला. त्यांनी खाली बसून त्याचं बूड ताईच्या घोट्याच्या हाडावर टेकवलं.

"पायाला थरथर लागते का?"

"थरथर नाही," ताई म्हणाली. तिचा हात आपोआप डाव्या कानावर गेला होता. "ऐकू येतंय. इथे."

भाऊजी तिच्या घोट्याकडे बघत होते, मग कानाकडे, मग पुन्हा घोट्याकडे. नंतर बाईंनी तिच्या डाव्या कानात एक चढा सूर सोडला आणि मला म्हणाल्या, तुम्हीही या, डोळे बघा. मी पाहिलं. सूर लागताच ताईची बुबुळं घड्याळाच्या किल्लीसारखी जागच्या जागी वळली आणि सावकाश परत आली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आपल्या माणसाचे डोळे कुणी आतून फिरवतंय, असं ते दिसत होतं. मी पुन्हा बघायला नको म्हटलं.

स्कॅननंतर बाईंनी नीट समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्या असतात, पाण्याने भरलेल्या. त्यातल्या वरच्या नळीवर हाडाचं छप्पर असतं आणि त्या छपरावर मेंदू. ताईचं डावीकडचं छप्पर जन्मापासूनच कागदासारखं असणार, आणि कधीतरी ते फाटलं. आता त्या फटीतून आवाज तोलाच्या नळीत शिरतो आणि नळीला वाटतं, डोकं फिरलं. म्हणून शिट्टीने चक्कर, मशीनने चक्कर, शिंकेने चक्कर, आणि चक्करेमागोमाग मळमळ. आणि शरीरातले जे आवाज कुणालाच ऐकू यायचे नसतात, टाचांचे, चावण्याचे, काळजाचे, डोळ्यांच्या स्नायूंचे, ते त्याच फटीने कानात येतात.

"आणि भिंत हलते ती?" ताईने विचारलं.

"नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्या नळीला धक्का बसतो, म्हणून डोळे तेवढेसे हलतात. भिंत जागेवरच आहे, तो जबडाही."

कधी फाटलं असेल, यावर त्यांनी विचारलं की जोराचा खोकला, डोक्याला मार, जड उचलणं असं काही झालं होतं का. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईने पोत्याचं सांगितलं. असेलही, त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. म्हणजे कोठीवर आम्ही घेतलेला आळ खोटाही नव्हता आणि खराही नव्हता. दुखणं आलं त्या दारात, आणि कोठी शांत होती म्हणून ऐकू आलं.

पुष्कळ लोक असेच राहतात, बाई म्हणाल्या, मोठे आवाज टाळतात, जड उचलत नाहीत. ऑपरेशन करायचं तर कानामागचं हाड कोरून ती नळी बुजवायची.

"दाताची कीड भरतात तसं," ताई म्हणाली.

"जवळपास तसंच. फक्त शेजारी मेंदू असतो."

घरी आल्यावर भाऊजींनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, आपण हळू बोलू, मशीन विकून टाकू, धंदा बंद करू, कापसात ठेवू तुला. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज तुम्ही माझ्याशेजारी बसून बिस्कीट खाल्लंत. त्याचा मला त्रास नाही. मी खाल्लं त्याचा झाला. माझ्यापासून मला कुठल्या कापसात ठेवाल?"

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा तिला वाटत होतं पलंग छताला टांगला आहे. पुढे कितीतरी दिवस ती भिंत धरून चालायची, वळताना आधी थांबायची, मग अंग वळवायची, मग डोकं. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, तेही निम्मंशिम्मं परत आलं. मळमळ सगळ्यात शेवटी गेली. एका सकाळी मी तिच्याकडे गेले तर ती स्वयंपाकघरात उभी राहून कडक टोस्ट खात होती, एकामागून एक, काही न लावता, तोंडाने जमेल तेवढा आवाज करत. सासूबाई म्हणाल्या, "डबा संपवला बघ तिने." मला रडू आलं म्हणून मी चहा ठेवायला वळले.

आता ती पुन्हा कोठीत येते. पॉलिश मीच करते, पोती आम्ही माणूस लावून उचलून घेतो. मशीनचा सूर चढला की ती मान वर करून ऐकते आणि पुन्हा मेणाकडे वळते. जबडे फडताळावर असतात. मी त्यांच्याकडे पाठ करून बसते, म्हणजे बसायला शिकले.

शेवटच्या तपासणीला बाईंनी स्कॅन पुन्हा उजेडावर धरला आणि उजव्या बाजूला बोट ठेवलं. तिथलं छप्परही पातळ होतं. फाटलेलं नव्हतं. कदाचित जन्मभर टिकेल, म्हणाल्या, पुष्कळांचं टिकतं. त्यावर आज करण्यासारखं काही नाही.

परतताना ताईने रिक्षात स्कॅनचं पाकीट मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या दारात कोण बसलंय ते निदान आता मला माहीत आहे."

तिला सकाळी शिंका येतात, लहानपणापासूनची खोड आहे. एक शिंक आली की सासूबाईंचा जपमाळेवरचा हात थबकतो, भाऊजी पेपर खाली करतात, मी असले तर मी श्वास रोखते. ताई टेबलाची कड पकडून उभी असते, डोळे एकदा डावीकडे नेते, एकदा उजवीकडे, आणि ऐकते. मग कड सोडते.

"आहे," ती म्हणते. "सगळं जागेवर आहे. चहा गार होतोय."